मल्टिमीडियाचा कोर्स, सोलापूर आणि पुढची नोकरी: बारावी झालेल्या एका मुलीला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. बारावी कॉमर्स झाली आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला ए श्रेणी आहे, घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरी तेलुगू बोलतात, वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. इथल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मल्टिमीडिया आणि अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळतोय. याला स्कोप आहे का, पुण्याला जावंच लागेल का आणि एआय आल्यावर हे काम उरेल का, असं तू विचारलंस. शेवटच्या ओळीत लिहिलंस की मामा म्हणतात, कोर्सवर पैसे घालवू नको, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात बस, सहा महिन्यांत सगळं शिकशील.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. नवी पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात सुरुवात केली, मग पुण्यात एका स्टुडिओत कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एकाच शॉटमध्ये बेमालूम जोडणं) केलं, आता सोलापुरातच चादर-टॉवेलची डिझाइनं, छपाईची कामं आणि थोडं व्हिडिओचं काम करतो. कोर्स करून आलेल्या मुलामुलींचं काम बघून कुणाला घ्यायचं हे ठरवायची वेळ माझ्यावर नेहमी येते. त्यामुळे पुढचं सगळं त्या खुर्चीतून लिहिलेलं आहे. तुला एकेरी लिहितोय, आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांशी मी असाच बोलतो.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढतो. घरातून बाहेरगावी राहायला परवानगी आहे का, दोन-तीन वर्षं कमाई नसली तर चालेल का, घरी स्वतःचा संगणक घेता येईल का, हे मला माहीत असण्याचं कारण नाही. या तीन उत्तरांनी माझा सल्ला बदलतो, आणि कुठे बदलतो ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आता स्कोपचं. डिजिटल आर्ट्स किंवा मल्टिमीडिया हे नाव माहितीपत्रकावर असतं. बाजारात या नावाने कुणी माणूस घेत नाही. स्टुडिओ रोटो आर्टिस्ट घेतो, चादरीचा कारखाना जकार्ड (नक्षी विणायच्या मागाचा) डिझाइनर घेतो, छापखाना प्रीप्रेसचा म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणारा माणूस घेतो, क्लासवाले व्हिडिओ एडिटर घेतात. ही वेगवेगळी कामं आहेत, त्यांचे मालक वेगळे, शहरं वेगळी, मंदीची कारणंसुद्धा वेगळी. म्हणून कोर्स निवडायच्या आधी यातलं कोणतं काम करायचं याचा निदान अंदाज बांध. तो अंदाज बांधायची माझी पद्धत अशी: प्रत्येक कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता ते विचार, आणि तो रोज सात-आठ तास मन लावून करता येईल का ते स्वतःवर तपासून बघ. चकचकीत भाग आठवडाभर कुणालाही आवडतो. काम सोडून जाणारी मुलं कंटाळवाण्या भागापाशी सोडतात, आणि हातात खरी सफाई येते तीही त्याच भागात.

व्हीएफएक्सपासून, म्हणजे सिनेमातल्या संगणकावर केलेल्या दृश्यपरिणामांपासून सुरू करतो, कारण कोर्सच्या जाहिरातीत तेच असतं. नवख्याला बहुतेक स्टुडिओत रोटोने प्रवेश मिळतो. रोटो म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची किंवा वस्तूची कडा फ्रेमगणिक आखून ती पार्श्वभूमीपासून सुटी करणं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे पाच सेकंदांच्या एका शॉटमध्ये १२० फ्रेम. नवा मुलगा आख्ख्या माणसाभोवती एकच रेघ ओढतो आणि प्रत्येक फ्रेमला ती ढकलत बसतो, मग शॉट चालवला की कडा थरथरते. हात बसलेला माणूस दंड, कोपरापासून मनगट, तळवा, बोटं यांचे वेगळे आकार करतो, हालचाल जिथे वळते तेवढ्याच फ्रेम आधी पकडतो आणि मधलं संगणकाला भरू देतो. हे कळायला शरीर कसं हलतं ते माहीत हवं, म्हणजे पुन्हा ड्रॉइंगच. दिवसभर एकाच नटाची बोटं आणि केस आखताना तुझं लक्ष टिकतं का, हा खरा प्रश्न. टिकत असेल तर या वाटेवर पुढे पेंट (चित्रातलं नको ते पुसणं), मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल जुळवणं), कंपोझिटिंग अशा पायऱ्या आहेत.

पण या वाटेवरचे चढउतार समजून जा. आपल्याकडच्या मोठ्या स्टुडिओंचं बरंच काम परदेशी सिनेमा आणि मालिकांचं असतं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर आणि नटांचा १४ जुलै ते ९ नोव्हेंबर चालला. तिथे चित्रीकरण थांबलं, तेव्हा पुढच्या महिन्यांत इथे येणारे शॉट आटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स करणारा जागतिक समूह कोसळला आणि भारतातलंही त्यांचं काम बंद पडलं, अनुभवी माणसं एकदम बाजारात आली. अशा वेळी नवख्याची रांग लांबते. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी, २०२५ मध्ये, मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झालं, सरकारचं या क्षेत्राकडे लक्ष आहे. मी दोन्ही गोष्टी सांगतोय, कारण संस्थेतले समुपदेशक तुला दुसरी तेवढी सांगतील. व्हीएफएक्समध्ये जायचं तर घरच्यांना आधीच सांगून ठेव की मधे सहा-आठ महिने रिकामे जाऊ शकतात, आणि त्या काळासाठी दुसरं एखादं काम हाताशी ठेव.

ते दुसरं काम तुझ्या घराजवळच आहे. सोलापूरच्या मुली-मुलांनी याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. पूर्वी डिझाइन ग्राफच्या कागदावर रंगवायचं, मग त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पंच करायचे, म्हणजे त्यांना भोकं पाडायची, आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला थेट फाइल जाते. ही फाइल बनवणारा माणूस चांगला असेल तर कारखानदार त्याला सोडत नाही, कारण असे लोक कमी आहेत. संगणकावर सुंदर मोर काढणारे पुष्कळ सापडतात. तो मोर कापडावर मोरासारखा दिसेल अशी फाइल करणारे थोडे. एक साधं उदाहरण घे. कापडात इंचाला ६० ताण्याचे (उभे) आणि ४० बाण्याचे (आडवे) धागे असतील, तर एक इंचाचं वर्तुळ ग्राफवर ६० घरं रुंद आणि ४० घरं उंच काढावं लागतं. पडद्यावर ते आडवं पसरलेलं दिसतं, कापडावर गोल येतं. पडद्यावर गोल काढलं तर कापडावर ते उभं लांबट येणार. टॉवेलचं आणखी वेगळं. त्याला दोन ताणे असतात, एक पायाचा आणि एक लूपचा, म्हणजे वर दिसणाऱ्या धाग्याच्या फासांचा. बारीक रेघ काढलीस तर ती लूपमध्ये बुडून जाते, दिसतच नाही. दोन रंगांच्या टॉवेलमध्ये समोर जो रंग वर येतो तिथे मागच्या बाजूला दुसरा असतो, म्हणजे मागची बाजू कशी दिसेल हेही डिझाइनमध्येच ठरतं.

हे कुठल्याही मल्टिमीडियाच्या पुस्तकात नाही. तुझे वडील ज्या शेडमध्ये उभे असतात तिथे आहे. एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर जा, मास्टरला रीड, पिक, हुक म्हणजे काय ते विचार, आणि वाया गेलेली सॅम्पलं मागून घे. का वाया गेली ते विचार. यातला कंटाळवाणा भाग म्हणजे रिपीट (पुन्हा पुन्हा येणारी नक्षी) जुळवणं आणि रंग कमी करणं: चारशे छटांचं चित्र चार रंगांत आणायचं, मग सुटे पडलेले ठिपके एकेक करून पुसायचे. डोळे थकतात. पण तयार माल गठ्ठ्यात बांधलेला बघताना मिळणारं समाधान मला सिनेमाच्या श्रेयनामावलीतल्या नावापेक्षा कमी वाटलेलं नाही.

याच्याच शेजारचं काम गणवेशाचं. सोलापुरात शाळांचे गणवेश मोठ्या प्रमाणावर शिवले जातात, आणि प्रत्येक खिशावर शाळेचा बिल्ला असतो. तो भरतकामाच्या मशीनवर उतरवायला फाइल करावी लागते, तिला इथे पंचिंग म्हणतात. बिल्ल्याचं चित्र मशीनला नुसतं देऊन भागत नाही. कुठे सॅटिन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा), कुठे भरीव टाका, आधी कोणता रंग, धाग्याच्या ओढीने कापड आक्रसेल म्हणून आकार किती वाढवायचा, हे सगळं माणूस ठरवतो. रुंद जागेत सॅटिन टाका दिला तर धागा लोंबतो आणि धुण्यात अडकतो. बारीक अक्षरात शाळेचं नाव वाचता आलं पाहिजे. जूनच्या आधीचे महिने या कामाला श्वास घ्यायला वेळ नसतो, नंतर हात मोकळा होतो. घरी बसून करता येतं, ही मुलींच्या घरच्यांना पटणारी गोष्ट आहे, आणि बाहेरगावी राहायची परवानगी नसेल तर मी तुला इथूनच सुरुवात करायला सांगेन.

छपाई आणि प्रीप्रेसचं काम मामांच्या दुकानाच्या जवळचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, पॅकिंगचे बॉक्स, पुस्तकं. कंटाळवाणा भाग प्रूफ तपासण्याचा: नावातला ऱ्हस्व-दीर्घ, तारीख, फोन नंबर, कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा जागा) सोडलंय का, फोटो छपाईच्या रंगांत बदलला का. पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं की पूर्ण गठ्ठा फुकट छापून द्यावा लागतो. ज्याची नजर चूक सोडत नाही, त्याला छापखान्यात कायम जागा असते.

इथे तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्याच्या मुलाकडे नाही. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलतं. पाट्या, पत्रिका, जाहिराती या भाषांत लागतात. तू तेलुगू बोलतेस, पण मराठी शाळेत शिकली असशील तर कदाचित लिपी वाचता येत नसेल. पूर्व भागातल्या पुष्कळ मुलांचं तसंच असतं. लिपी शिकून घे, आजी-आजोबा किंवा शेजारी कुणी शिकवेल. तेलुगूत जोडाक्षराचा भाग अक्षराच्या खाली लोंबतो, त्यामुळे मराठीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर अक्षरं एकमेकांत घुसतात. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि उतरती चालते. डिझाइनरला वाचता येत नसेल तर त्याला ही चूक दिसतच नाही. जुन्या दुकानांत अजून श्री-लिपीसारख्या पद्धतीतल्या जुन्या फाइली आहेत, त्या दुसरीकडे उघडल्या की मजकुराची गिचमीड होते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडलं तरी मजकूर तसाच राहतो त्या पद्धतीत, काम करायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. मुंबईच्या ‘एक टाइप’ या नावाच्या गटाने केलेला बलू हा फॉन्ट देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा सगळ्या लिप्यांत मोफत मिळतो. चार भाषांची एकच पाटी त्यात करून बघ, किती शिकायला मिळतं ते तुझं तुलाच कळेल.

व्हिडिओ एडिटिंगबद्दल थोडक्यात. लग्नं, क्लास, दवाखाने, दागिन्यांची दुकानं, सगळ्यांना आता व्हिडिओ हवा असतो. पैसे लवकर सुरू होतात आणि दरही लवकर पडतात, कारण फोनवर एडिट करणारे गल्लोगल्ली आहेत. तासन् तासांच्या चित्रीकरणातून कामाचे तुकडे शोधणं आणि आवाज साफ करणं हा त्यातला कंटाळवाणा भाग. आवाजाकडे लक्ष देणारा एडिटर दुर्मीळ आहे, तेवढ्यावर वेगळी ओळख होते. अ‍ॅपची स्क्रीन डिझाइन करण्याचं काम सोलापुरात फारसं नाही, घरून करता येतं, पण इंग्रजीत बोलणं आणि स्वतःचा निर्णय समजावून सांगणं जमायला हवं. गेमच्या तांत्रिक बाजूला जायचं असेल तर प्रोग्रॅमिंग शिकावं लागतं, ती बाजू नुसत्या मल्टिमीडियाच्या कोर्सवर येत नाही.

आता कोर्स. बारावी कॉमर्सनंतर तुझ्यासमोर चार दारं आहेत. आयटीआयमध्ये मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स आणि डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर असे एक वर्षाचे ट्रेड आहेत, दहावी पासवर प्रवेश. फी कमी आणि केंद्राचं प्रमाणपत्र मिळतं, त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह शिकाऊ म्हणून काम करता येतं. पॉलिटेक्निकचा पदविका अभ्यासक्रम दहावीच्या पात्रतेवर तीन वर्षांचा असतो. थेट दुसऱ्या वर्षाची सवलत विज्ञान शाखेच्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या किंवा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलांसाठी आहे, कॉमर्सला ती मिळत नाही, म्हणजे तुला पूर्ण तीन वर्षं लागतील. तिसरं दार पदवीचं: विद्यापीठाशी संलग्न बी. व्होक. (व्यावसायिक पदवी) किंवा चार वर्षांचं बीएफए (ललित कलेची पदवी), ज्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची कलेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनच्या पदवीची यूसीड परीक्षासुद्धा कॉमर्सच्या मुलांना देता येते, हे सोलापुरात फार कमी जणांना माहीत असतं. चौथं दार खासगी संस्थांच्या स्वतःच्या डिप्लोमाचं.

प्रमाणपत्र कुणाचं आहे ते स्पष्ट विचार: तंत्रशिक्षण मंडळाचं, विद्यापीठाचं, आयटीआयचं की संस्थेचं स्वतःचं. स्टुडिओ किंवा कारखान्याला याने फरक पडत नाही, आम्ही काम बघतो. पण उद्या सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवं झालं तर फक्त मान्यताप्राप्त कागद चालतो. शाळेत कलाशिक्षिका व्हायचं मनात असेल तर मल्टिमीडिया पुरत नाही, त्याला आर्ट टीचर डिप्लोमासारखा वेगळा अभ्यासक्रम आहे. मुलगी शिक्षिका व्हावी असं घरच्यांच्या मनात असतं, म्हणून आधीच सांगितलं.

तुला ज्या संस्थेत प्रवेश मिळतोय ती बघायला प्रवेशोत्सवाच्या दिवशी जाऊ नको. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी दुपारी जा. लॅबमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आहे का, आणि वर्ग संपल्यावर लॅब उघडी असते का ते बघ. घरी संगणक घेता येणार नसेल तर हा एकच मुद्दा निर्णायक आहे, कारण हे काम वर्गातल्या दोन तासांत येत नाही. शिकवणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी गेल्या दोन-चार वर्षांत स्वतः काय केलं ते दाखवायला सांग, चांगला शिक्षक आनंदाने दाखवतो. भिंतीवर लावलेलं पहिल्या नंबरच्या मुलाचं काम बघून ठरवू नको, वर्गातल्या मधल्या मुलाचं काम माग. वेळापत्रकात हाताने चित्र काढण्याचा तास आहे का ते बघ. शंभर टक्के प्लेसमेंटची पाटी असेल तर कंपनीचं नाव आणि पद विचार, आणि गेल्या वर्षीच्या मुलांऐवजी त्याच्या आधीच्या बॅचच्या दोघांना गाठून बोल. गेल्या वर्षीची मुलं अजून मिळालेल्या जागीच असतात. कोण टिकलं आणि कोण परत आलं हे एक बॅच मागे गेल्यावर कळतं. फी एकदम भरू नको, सत्राप्रमाणे भर.

ड्रॉइंगबद्दल माझं मत ठाम आहे. ए श्रेणी मिळाली म्हणून पेन्सिल खाली ठेवू नको. एसटी स्टँडवर बसलेली माणसं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी, भुईकोट किल्ल्याच्या तटाचा दूर जाणारा कोन, हे सगळं जलद काढत जा. दोन मिनिटांत माणसाचा तोल पकडता आला की अ‍ॅनिमेशन, रोटो, कॅरेक्टर, सगळीकडे उपयोगी पडतं. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं, मी स्वतः कितीतरी बदलली. सुरुवातीला ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप ही मोफत आहेत, एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, आणि कंपोझिटिंगच्या न्यूकची शिकण्यासाठीची मोफत आवृत्ती मिळते. चोरीच्या प्रतीवर शिकू नको. पुढे बिल देऊन काम करशील तेव्हा तिचा अडथळा होतो, आणि मोठ्या स्टुडिओत ती सवय चालत नाही.

एआयचं तू घाबरून विचारलं आहेस, ते साहजिक आहे. मला रोज जे दिसतं ते सांगतो. गिऱ्हाईक आता एआयने काढलेला मोर फोनवर घेऊन येतं आणि म्हणतं, हाच चादरीवर पाहिजे. त्या चित्रात हजारो छटा असतात, पिसांच्या रेघा एकमेकांत विरघळलेल्या असतात, रिपीट जुळत नाही. तो मोर चार रंगांत, त्या मागाच्या हिशोबात नव्याने कुणीतरी काढावा लागतो. म्हणजे कल्पना दाखवायचं काम यंत्राने घेतलं, कापडापर्यंत न्यायचं काम माणसाकडे राहिलं आणि त्याचं मोल वाढलं. पाटीवरची मराठी जोडाक्षरं ही यंत्रं अजून अनेकदा मोडून टाकतात, तपासायला वाचणारा माणूस लागतोच. रोटोच्या बाबतीत मात्र तुला खोटा धीर देणार नाही. साध्या शॉटची कडा यंत्र आता बऱ्यापैकी काढून देतं, माणसाकडे केस, बोटं, धूसर हालचाल असे अवघड शॉट येतात. नवख्यांच्या सोप्या कामाच्या जागा त्यामुळे कमी होणार. म्हणून रोटोवर थांबायचं नाही, कोर्समध्येच कंपोझिटिंगपर्यंत जायचं: दोन चित्रांचा प्रकाश जुळवणं, कडेचा रंग जुळवणं, चित्राचा बारीक दाणा (ग्रेन) जुळवणं. नजर लागते असं काम शिक.

पुण्याला जावंच लागेल का? व्हीएफएक्स किंवा मोठ्या जाहिरात संस्थेचं काम हवं तर बाहेर पडावं लागेल. पण बाहेर म्हणजे पुणेच कशाला? पुणे इथून अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, दोन्ही एकाच महामार्गावर. हैदराबादेत तेलुगू सिनेमाचे स्टुडिओ आहेत, आणि तुझी घरची भाषा तेलुगू आहे. दिग्दर्शकाचा माणूस शॉटबद्दल तेलुगूत बोलतो तेव्हा तुला दुभाष्या लागणार नाही. सोलापुरातली मुलं सवयीने पुण्याची गाडी पकडतात. पूर्व भागातल्या मुलांनी एकदा पूर्वेकडे बघावं. कुठल्याही शहराची नोकरी तोलताना पगारातून खोलीचं भाडं, मेस आणि प्रवास वजा करून हातात काय उरतं ते बघ, आणि सोलापुरात घरी राहून कमी पगारात किती उरतं याच्याशी ताडून बघ. पहिल्या वर्षी बहुतेकांचं सोलापूर जिंकतं. मग बाहेर जायचं कारण पैसे नसून चांगल्या माणसांच्या शेजारी बसून शिकणं असतं. ते कारण खरं असेल तरच जा, आणि दोन-तीन वर्षं टिकायच्या तयारीने जा.

स्वतंत्र काम करायचं ठरलं तर पहिल्या कामापासून हिशोब स्वच्छ ठेव. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती करून घे. नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे कायद्याने ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की वसुली सोपी जाते. अर्धे पैसे आधी घे, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आधी सांग, आणि मूळ फाइल देणार की नाही हेही.

आतापर्यंतचं एका जागी आणतो. परवानगी आणि थोडा आर्थिक श्वास असेल तर मान्यताप्राप्त कोर्स कर, कंपोझिटिंगपर्यंत शिक, आणि हैदराबाद किंवा पुण्याचा विचार कर. बाहेर जाता येणार नसेल तर आयटीआयचं एक वर्ष आणि त्याच्या जोडीला जकार्ड किंवा पंचिंग. दोन्हीकडे निवड होते ती तुझ्या कामावर, म्हणून दर सहा महिन्यांनी एक पूर्ण झालेली गोष्ट हातात असू दे: मूळ शॉट, कडा आणि शेवटचं चित्र शेजारी मांडलेला एक मिनिटाच्या आतला व्हिडिओ, किंवा खरोखर मागावर विणून काढलेलं सॅम्पल. मुलाखतीला कुणी विणलेलं कापड टेबलावर ठेवलं की मी खुर्ची पुढे ओढतो.

राहिले मामा. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. दुकानात तू गिऱ्हाइकाशी बोलायला शिकशील, उद्या सकाळी हवंय म्हणजे उद्या सकाळीच हवंय हे शिकशील, फ्लेक्सचं माप, मजकूर तपासणं, मशीन बंद पडल्यावर काय करायचं हे शिकशील. कोर्समध्ये यातलं काही नाही. पण दुकानात गिऱ्हाईक जेवढं मागतं तेवढंच शिकायला मिळतं, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तोच फोटो, तीच चौकट, तोच पिवळा रंग मागत असतं. सहा महिन्यांत शिकशील हे खरं. सातव्या महिन्यापासून तेच काम पुन्हा करशील, तेही खरं. म्हणून कोर्सऐवजी दुकान नको, कोर्ससोबत दुकान असू दे. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ठरव. गड्डा, आंबेडकर जयंती आणि गणपतीच्या आधी दुकानात झुंबड असते आणि परीक्षा कधी कधी तेव्हाच येतात, त्यामुळे कोणत्या दिवसांत येणार नाहीस ते आत्ताच बोलून घे. नात्यातलं काम असलं तरी पैसे ठरवून घे, रक्कम लहान असली तरी चालेल. प्रवेशाची मुदत जवळ आली असेल तर आधी संस्थेची लॅब बघून ये, मामांशी बोलणं त्यानंतर कर.